तामलवाडीपलीकडचा परमुलूख

सोलापूरच्या जुन्या घरांतून 'मोगलाई' हा शब्द अजून कानांवर येतो. "ती मोगलाईतली सोयरीक," असे एखादी आजी सहज बोलून जाते आणि नातवंडांना वाटते, आता औरंगजेबाची गोष्ट निघणार. आजीच्या मनात मात्र दिल्ली नसते, तुळजापूर असते. निजाम मूळचा दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार. 1724 पासून तो आपल्या मुलखाचा धनी झाला, तरी लोकांच्या तोंडी त्याचा मुलूख मोगलाईच राहिला.

1818 साली पेशवाई बुडाली, सोलापूरच्या किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि शहर मुंबई इलाख्यात गेले. तुळजापूर निजामाकडेच राहिले. अंतर म्हणाल तर उणेपुरे तीस मैल. पण या अंतरात एक सरहद्द आडवी पडली, आणि सोलापूरकरांची कुलस्वामिनी परराज्यात राहिली! विलायतेला जाणारे त्या काळी बोटांवर मोजण्याइतके. कुलदेवतेसाठी परमुलखात जाणारी घरे मात्र गल्लोगल्ली होती.

हा परमुलूख नावापुरता नव्हता. तिकडे टपालाचे तिकीट निराळे, कचेरीची भाषा उर्दू आणि नाणेही निराळे. इंग्रजी रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली. सहा कलदार मोजावेत तेव्हा सात हाली पदरात पडत. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. सोलापूर पडले विणकरांचे गाव. देवीच्या ओटीचे कोरे लुगडे हा माल की नैवेद्य, हा प्रश्न कोणा करोडगिरीच्या कारकुनाला कधी पडला असेल काय? देवळाच्या कारभारासाठी 1909 साली जी 'देऊळ कवायत' झाली, तीही निजामी अमलातलीच.

मध्यंतरी ही सरहद्द सात वर्षे पुसली गेली होती. 1853 च्या तहाने निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि तेथे अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर, ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच. पुढे 1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याचे बक्षीस म्हणून 1860 साली हा मुलूख त्याला परत मिळाला. देवी पुन्हा परदेशी गेली ती 1948 पर्यंत.

मागल्या हिवाळ्यात आम्ही चार बिऱ्हाडांनी मिळून दोन मोटारी ठरवल्या. बेत धाराशिवच्या लेण्यांचा. तुळजापूर अर्थातच वाटेवर. पोरासोरांसह पंधरा माणसे, भाकरी-चटणीचे डबे, आणि मधल्या आसनावर आमच्या शहाऐंशी वर्षांच्या आत्याबाई. तामलवाडी आली. येथून धाराशिव जिल्हा. टोलच्या नाक्यावर गाडी क्षणभर थांबली तशी आत्याबाई म्हणाल्या, "आई पदराला दोन गाठी मारायची बघ. एकीत कलदार, एकीत हाली. लहानपणी मला वाटे, देवीला कलदार चालत नाहीत म्हणून!"

आत्याबाईंनी शेवटचे वर्षही पाहिले आहे. 1947 साली देश स्वतंत्र झाला, पण तामलवाडीपलीकडे नाही. 29 नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला आणि तिकडे रझाकारांचा जोर वाढतच गेला. त्या मुलखातली कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून सोलापूर-बार्शीकडे आली. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या पडल्या. इतकी वर्षे सोलापूरचे लोक सहकुटुंब तिकडे जात होते, आता तिकडचे लोक सहकुटुंब इकडे येऊ लागले. जत्रेला नव्हे, जीव घेऊन. आत्याबाईंच्या वाड्याच्या ओसरीवर तीन महिने एक बिऱ्हाड होते. त्यांच्या मुलीबरोबर त्या सागरगोटे खेळत. ती पुढे कोठे गेली, हे त्यांना सांगता येत नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्याने आत शिरली. नळदुर्गाशी बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, तुळजापुरालाही झुंज झाली आणि पाच दिवसांत हैदराबादच्या फौजेने शस्त्रे ठेवली. सरहद्द गेली. तरी हाली नाणे त्यानंतरही काही वर्षे बाजारात फिरत होते. राज्य बुडते त्याहून नाणे चिवट!

धाराशिवच्या लेण्यांकडे मात्र सोलापूरकर तेव्हाही वळला नाही. "देवी झाली की मागे फिरायचे. पुढे आपले काय काम?" असे आत्याबाई म्हणतात, आणि ही सवय सरहद्दीनेच लावली असावी असे मला वाटते. तुळजापूरहून धाराशिव चौदा-पंधरा मैल. सातव्या निजामाच्या नावाने त्याचे उस्मानाबाद झाले आणि 2023 साली सरकारदरबारी पुन्हा धाराशिव. लोकांच्या जिभेवर ते जुने नाव होतेच.

लेणी गावाबाहेर बालाघाटच्या दरीत आहेत. खडक मऊ, झिजलेला. दुसऱ्या लेण्याचा सभामंडप सुमारे 80 फूट लांब, तितकाच रुंद, भोवती भिक्षूंच्या खोल्या. अजिंठा पाहिलेल्यास ओळख पटते. ही लेणी मुळात बौद्धांची की जैनांची, यावर पंडितांचा वाद आहे. जेम्स बर्जेसने 1878 च्या आपल्या अहवालात त्यांची दखल घेतली. पण त्याच्या कितीतरी आधी कनकामर मुनींनी 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या डोंगरातल्या लेण्याची कथा सांगितली आहे. एक हत्ती रोज सोंडेने पाणी आणि कमळ आणून एका वारुळाला वाही. करकंड राजाने ते वारूळ खणले, तो आत पार्श्वनाथ! मूर्तीवर एक गाठ होती. ती फोडताच पाण्याचा लोंढा सुटला आणि लेणे भरून गेले.

तेरापूर म्हणजे जवळचे तेर, गोरोबाकाकांचे गाव. एका ग्रीक दर्यावर्दीने पहिल्या शतकात ज्याला तगर म्हटले ते हेच. येथून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरास जाई, असे तो लिहितो. सोलापूरचे माग पुष्कळ पुढचे. पण दोन हजार वर्षांपूर्वी या पट्ट्यात कापड होते आणि त्याला सरहद्द आडवी नव्हती.

आत्याबाईंना दोघा नातवांनी हाताला धरून खाली उतरवले. मंडपात गारवा होता. त्या खांबाला टेकून बसल्या, पोरांकडून हत्तीची गोष्ट दोनदा ऐकली, आणि म्हणाल्या, "एवढ्या जवळ होते होय रे हे?"

येताना तुळजापुरास थांबलो. ओटी भरली, लुगडे सोलापूरचेच होते.