पॉवर येते, डिस्प्ले येत नाही

बंद पडलेला डेस्कटॉप दुरुस्तीच्या टेबलावर आला की मेकॅनिक ठरावीक गोष्टी ठरावीक क्रमाने पाहतो. आधी प्लगमध्ये लाइट आहे का, मग एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, ठीक आहे का, पंखा फिरतो का, बीप येते का. त्यानंतर रॅम काढून, पुसून पुन्हा बसवायची. मग सेल काढून बायोस रिसेट करायचा आणि शेवटी मदरबोर्डवरचे कंडेन्सर निरखायचे. नवा मुलगा हे सगळं उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकतो. पण यातली प्रत्येक पायरी संगणकाच्या इतिहासातल्या कुठल्या ना कुठल्या बिघाडामुळे रूढ झालेली आहे, आणि त्यातल्या बहुतेकींचा काळही सांगता येतो.

मशीन चालू करण्याचा क्षणच सगळ्यात धोक्याचा, हे संगणकाच्या जन्मापासून माहीत होतं. 1946 साली अमेरिकेत फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या ‘एनियाक’मध्ये सुमारे 18 हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या सर्वाधिक जळत त्या तापताना आणि थंड होताना, म्हणजे बटण दाबल्यावर आणि बंद केल्यावर. त्यामुळे मशीन शक्यतो बंदच करायचं नाही, असा रिवाज पडला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ 1960 मध्ये कामाला लागला, तोही ट्यूबवरच चालणारा. अशा यंत्रांशेजारी ती बांधणारी माणसंच हजर असायची. बिघाड शोधणं हा वेगळा धंदा अजून झालाच नव्हता.

तो झाला 12 ऑगस्ट 1981 नंतर. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर, मॉडेल 5150, न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या एका छोट्या गटाने तो वर्षभरात उभा केला होता. पेटीच्या उजव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, मोठा लाल खटका होता. आत 63.5 वॉटचा पॉवर सप्लाय. खटका वर केला की लगेच काहीच घडत नसे, कारण सप्लायचे सगळे व्होल्टेज स्थिर झाले की तो ‘पॉवर गुड’ नावाचा सिग्नल बोर्डाला देई आणि मगच प्रोसेसर जागा होई. त्यानंतर मदरबोर्डावरच्या बायोस या चिपमधला छोटा प्रोग्रॅम एकेक भाग तपासत जाई. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप.

ठीक नसेल तर बीपची तऱ्हा बदले. एक लांब आणि एक छोटी म्हणजे दोष मदरबोर्डात, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्डात. बीप थांबतच नसेल किंवा मुळी येतच नसेल, तर संशय पॉवर सप्लायवर. पडदा चालू असेल तर त्यावर आकडे उमटत. 201 म्हणजे मेमरी, 301 म्हणजे कीबोर्ड. पडदा काळा असतानाही यंत्राने आपलं दुखणं सांगावं, ही सोय घराघरांत जाणाऱ्या संगणकात या तपासणीने रुजवली.

त्याहून मोलाची गोष्ट आयबीएमने कागदावर केली. कंपनीने टेक्निकल रेफरन्सची पुस्तिका विकायला काढली, आणि तिच्यात बोर्डाची सर्किटं व बायोसचा संपूर्ण प्रोग्रॅम छापून टाकला. कुठली पिन कुठे जाते आणि चालू होताना कुठल्या पायरीला काय तपासलं जातं, हे ज्याला वाचता येईल त्याला कळू लागलं. कंपनीच्या इंजिनीअरची वाट न पाहता कोपऱ्यावरच्या दुकानात संगणक दुरुस्त होऊ लागला, त्यामागे या पुस्तिकेचा वाटा मोठा होता.

त्या काळचा एक बिघाड तर हाताच्या अंगठ्याने बरा होत असे. 5150 मधल्या अनेक चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या असत. मशीन रोज तापे, रोज थंड होई आणि चिपचे पाय केसभर वर सरकत. काही महिन्यांनी एखादी चिप सॉकेटमध्ये अर्धवट लोंबकळू लागे आणि संगणक चालू होईना. मेकॅनिक झाकण काढून एकेक चिप अंगठ्याने दाबत जाई. बारीक ‘कट’ असा आवाज आला की चोर सापडला. रॅम काढून पुन्हा घट्ट बसवण्याची आजची पायरी याच घराण्यातली. आपल्याकडे तिला खोडरबराची जोड मिळाली. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपटल्या की शाळेतला साधा खोडरबर त्यांवर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा फुंकायचा आणि रॅम परत लावायची. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या गावांत एवढ्यानेच कितीतरी मशीन उठून बसतात.

सेल या गोष्टींत आला 1984 पासून. त्याआधी संगणकात काय काय जोडलंय हे बोर्डावरच्या बारीक स्विचांनी सांगावं लागे. 1984 च्या आयबीएम एटीने ती माहिती बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवली. पुढच्या 286, 386 आणि 486 बोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी डाग देऊन बसवलेली असे. वर्षं गेली की ती पाझरे, आणि तिच्यातला क्षार भोवतालचे तांब्याचे पट्टे खाऊन टाकी. असा बोर्ड उघडला की बॅटरीशेजारी हिरवट-निळसर बुरशी धरल्यासारखी दिसते. पुढे तिच्या जागी 3 व्होल्टचा नाण्याएवढा लिथियम सेल आला.

तोवर आयबीएमची नक्कल करणारे कारखाने जगभर उभे राहिले होते आणि बायोस लिहिणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या होत्या. त्यातली अमेरिकन मेगाट्रेंड्स, म्हणजे मेकॅनिकच्या तोंडचं ‘एएमआय’, 1985 मध्ये सुब्रमण्यन शंकर आणि पॅट सर्मा यांनी जॉर्जिया राज्यात सुरू केली. कंपनी बदलली की बीपची भाषाही बदले. एएमआयमध्ये छोट्या बीप मोजायच्या, फिनिक्स या दुसऱ्या कंपनीच्या बायोसमध्ये त्यांचे गट ओळखायचे. अनुभवी मेकॅनिक बोर्डावरच्या बायोसच्या चिपचं लेबल आधी वाचून मग कान लावी. एटीपासून बायोस प्रत्येक तपासणीचा क्रमांक पोर्ट 80 वर पाठवू लागला. तो वाचून दोन अंकांत दाखवणारं डीबग कार्ड निघालं, आणि कुठल्या पायरीवर मशीन अडकलं हे डोळ्यांनी दिसू लागलं.

भारतात हा धंदा नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणानंतर पसरला. मुंबईत त्याला घर आयतंच मिळालं. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीपासून नावाजलेला होता. डाग देणारे हात आणि ट्रान्झिस्टरची पारख तिथे होतीच. नव्वदच्या दशकात सुटे भाग जोडून ‘असेंबल्ड’ संगणक बनू लागले आणि हेच हात मदरबोर्डाकडे वळले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीनेही विजेच्या सामानाबरोबर हा माल ठेवायला सुरुवात केली.

इथे मेकॅनिकला अमेरिकन पुस्तिकेपलीकडचंही शिकावं लागलं. अमेरिकेत घरची वीज 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. म्हणून अनेक एसएमपीएसच्या पाठीवर 115 आणि 230 असा छोटा लाल सरकता खटका असे. तो चुकून 115 वर राहिला की आतलं सर्किट येणारा दाब दुप्पट करी. एरवी सुमारे 325 व्होल्ट डीसी तयार व्हायचे तिथे 650 च्या आसपास जात आणि 200 व्होल्टचे दोन कंडेन्सर त्यात सापडत. मोठा आवाज, धूर, जळका वास. नवा एसएमपीएस लावताना आधी तो खटका पाहायचा, हा धडा दुकानादुकानात असाच पाठ झाला. पुढे 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज परत येतानाच्या झटक्यांनी एसएमपीएस जाऊ लागले आणि संगणकाबरोबर यूपीएस घेणं घरोघरी ठरून गेलं.

जुन्या एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्टची जाड केबल आलेली असे. बोर्डाला वीज देणारे पी-8 आणि पी-9 हे दोन कनेक्टर शेजारी शेजारी लागत, आणि ते उलटे बसले तर बोर्ड जळे. काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढं शिकाऊ मुलाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यात बसवलं जाई. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं आणि दोन्ही धोके संपवले. कनेक्टर एकच, तोही उलटा न बसणारा. पुढचं बटण आता दोन बारीक पिना क्षणभर जोडतं, एवढंच. म्हणूनच बटण खराब असल्याचा संशय आला की मेकॅनिक त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून मशीन चालू करून पाहतो. एसएमपीएस वेगळा तपासायचा तर मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडायची. पंखा फिरला तर सप्लायमध्ये जीव आहे, मग मल्टीमीटरने 12, 5 आणि 3.3 व्होल्ट मोजायचे. मात्र एटीएक्समध्ये प्लग लावलेला असेपर्यंत 5 व्होल्टचा एक पुरवठा कायम चालू असतो. त्यामुळे हात घालण्याआधी प्लग काढायचा.

मग आला फुगलेल्या कंडेन्सरचा काळ. 1999 ते 2007 या दरम्यान बनलेल्या अनेक बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर बसले होते. आतल्या पाण्याची ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन तयार होई, डबीचं सपाट डोकं फुगे आणि त्यावरच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येई. मशीन आधी उशिरा चालू होई, मग दोन-तीनदा बटण दाबल्यावर, मग कधीच नाही. डेलने 2003 ते 2005 मधल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठी 2005 मध्ये सुमारे 30 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. लहान दुकानदाराला मात्र यातून काम मिळालं. जुना कंडेन्सर काढून तितक्याच व्होल्ट आणि मायक्रोफॅरडचा चांगला बसवला की फेकायला निघालेला बोर्ड आणखी काही वर्षं चाले. आपल्याकडे ज्याला ‘चिप लेव्हल’ म्हणतात ते काम शिकताना अनेकांच्या हाताला पहिलं वळण मिळालं ते याच कंडेन्सरांवर.

आजच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये बीपचा स्पीकरच नसतो. त्याऐवजी बोर्डावर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार दिवे असतात, महागड्या बोर्डांवर डीबग कार्डासारखे दोन अंकही. जिथे अडकलं तिथला दिवा पेटून राहतो. ही सोय चांगली आहे, पण दिवा फक्त गल्ली दाखवतो. घर शोधायला सर्किट लागतं, आणि 1981 मध्ये पैसे मोजून कुणालाही मिळणारं ते सर्किट आजच्या बोर्डाबरोबर मिळत नाही. चिप लेव्हलची माणसं एकमेकांकडून मिळालेल्या फायलींवर आणि स्वतःच्या वहीतल्या नोंदींवर भागवतात. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्यापुढे ठेवलेली क्षेत्रं होती शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. डेस्कटॉपचा मदरबोर्डही त्या यादीत यायला हवा, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक बोर्डाचं सर्किट रास्त किमतीत दुकानदाराच्या हाती पडायला हवं.