चहाबिहातल्या 'बि'ची कुळकथा

'चहाबिहा घेणार का?' या प्रश्नात सरबत, पोहे, जे काही घरात असेल ते सगळं येतं. 'लग्नबिग्न काही नाही' म्हटलं की तोच 'बि' विषय उडवून लावतो. हा 'बि' आला कुठून?

शब्द दोनदा उच्चारायची रीत जुनीच. ऋग्वेदात 'दिवेदिवे' म्हणजे रोजच्या रोज. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच द्विरुक्तीने केली आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या रूपाला 'आम्रेडित' म्हटलं. घरोघरी, दारोदारी याच वळणाचे. पण तिथे मूळ शब्दच पुन्हा येतो, त्याचं तोंड बदलत नाही.

तोंड बदलणारे शब्द शेजारीपाजारी भरपूर आहेत. कानडीत वाघबिघ म्हणजे हुलीगिली. हिंदीत पानी-वानी, पंजाबीत पाणी-शाणी, बंगालीत जॉल-टॉल. कुळं वेगळी, खोड एकच. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचं मांडलं, म्हणजे शेजारामुळे वेगवेगळ्या कुळांच्या भाषा एकमेकींसारख्या झालेला प्रदेश. असे प्रतिध्वनी-शब्द त्या शेजाराची ठळक खूण मानले जातात. ही लकब द्राविड भाषांतून पसरली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

मराठीतली घडण काटेकोर आहे. 'पुस्तक'मधला 'पु' काढून 'बि' बसवायचा, उरलेलं तसंच ठेवायचं: पुस्तकबिस्तक. बाजारबिजार चालतं, बिस्किटबिस्किट मात्र नाही, कारण नक्कल अस्सलाहून वेगळी दिसायला हवी. मग 'बिस्किटफिस्किट' होतं.

द्विरुक्ती मुळात काय, यावर भाषाशास्त्रज्ञांत दोन बाजू आहेत. ॲलेक मारान्त्झ यांनी १९८२ साली द्विरुक्तीला प्रत्ययांत बसवलं: प्रत्यय म्हणजे रिकामा साचा, ध्वनी मूळ शब्दाकडून उसने. पुढे 'बि'सारख्या ठरीव ध्वनींचाही उलगडा झाला: तेही प्रत्ययच, नकलेच्या सुरुवातीवर चढून बसणारे. शॅरन इंकेलस आणि शेरिल झोल यांनी २००५ मध्ये उलट बाजू धरली: दोनदा येतो तो मुळात अर्थ, ध्वनी नव्हे. कागदपत्र, बाजारहाट यांना ते चपखल लागू पडतं. फारसी शब्दाशेजारी त्याच अर्थाचा देशी शब्द. पण 'बिहा'ला स्वतःचा अर्थच नाही, म्हणून तिथे प्रत्ययाची बाजू मला जड वाटते. प्रत्यय नव्या शब्दालाही बिनतक्रार लागतो, तसा 'बि'ही लागतो: ओटीपीबिटीपी कुणाला सांगू नका, हे आपण सहज म्हणतो.