फॅनी ड्युरॅक : जलतरणातील पहिली ऑलिंपिक विजेती

ऑलिंपिक क्रीडासामन्यांत पोहण्याच्या शर्यती स्त्रियांना प्रथम खुल्या झाल्या त्या १९१२ साली, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे. शंभर मीटरांच्या त्या पहिल्या शर्यतीसाठी ८ देशांच्या २७ स्त्रिया आल्या होत्या, आणि ती जिंकली सिडनीच्या फॅनी ड्युरॅक हिने. क्रीडेचा इतिहास तिच्याविषयी बहुधा एवढेच सांगतो. परंतु स्टॉकहोमच्या पाण्यात उतरण्यापूर्वी तिच्या जाण्यावरूनच एक मोठी झुंज सिडनीत होऊन गेली होती. आणि तीत विरोधी बाजूस स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेली एक थोर स्त्री उभी होती, ही त्या प्रकरणातील खरी विलक्षण गोष्ट होय.

फॅनीचा जन्म सिडनीत १८८९ साली झाला. वडील मद्यगृह चालवीत. घराणे मूळचे आयरिश. सिडनी शहराला समुद्राचे सान्निध्य आहे, आणि किनाऱ्यावरील खडकांत बांधून काढलेले पोहण्याचे हौद ही तेथील जुनीच सोय. त्यांपैकी कूजी येथील हौदात ही मुलगी पोहावयास शिकली. शाळकरी मुलींसाठी त्या काळी ब्रेस्टस्ट्रोक या एकाच प्रकाराची अजिंक्यपद-शर्यत असे, म्हणून तिने प्रथम तोच आत्मसात केला. १९०६ साली तिने न्यू साउथ वेल्स राज्याचे पहिले अजिंक्यपद मिळविले. पुढे ती ट्रजन पद्धतीने पोहू लागली आणि १९११ च्या सुमारास तिने ऑस्ट्रेलियन क्रॉल उचलला. याच सुमारास मीना वायली नावाची तिच्याहून लहान मुलगी तिला हरवू लागली. दोघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी खऱ्या, पण मैत्रिणीही. पुढील सारा प्रवास त्यांनी बरोबरच केला.

न्यू साउथ वेल्समधील स्त्रियांच्या जलतरण संघटनेचा एक नियम असा होता की, जेथे पुरुष उपस्थित असतील अशा स्पर्धेत सभासद स्त्रीने भाग घेऊ नये. संघटनेच्या अध्यक्षा होत्या रोझ स्कॉट. त्या राज्यातील स्त्रियांना १९०२ साली मताधिकार मिळाला, त्यात या बाईंचा वाटा फार मोठा. परंतु पुरुष प्रेक्षकांसमोर मुलींनी पोहण्याच्या पोशाखात यावे, हे त्यांना मान्य नव्हते. स्त्रीची प्रतिष्ठा जपावी, हाच त्यांचा हेतू. त्यांना केवळ जुन्या वळणाच्या म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. मतपेटीपर्यंत स्त्रीला नेणारा त्यांचा विचार पोहण्याच्या हौदाशी येऊन थांबला, इतकेच म्हणता येईल.

पुरुष अधिकाऱ्यांचा आक्षेप याहून साधा होता. स्त्रियांना पाठविणे म्हणजे वेळेचा व पैशाचा अपव्यय, असे ते म्हणत. लोकमत मात्र खवळले. अखेर संघटनेने नियम बदलला, आणि रोझ स्कॉट यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. परवानगी मिळाली तरी खर्चाचा प्रश्न उरलाच होता. ह्यू मॅकिंटॉश या नाट्य-मुष्टियुद्ध व्यावसायिकाच्या पत्नीने त्यासाठी निधी उभारला. फॅनीबरोबर पाठराखीण म्हणून बहीण निघाली. मीनाबरोबर तिचे वडील.

स्टॉकहोमला प्राथमिक फेरीतच फॅनीने १ मिनिट १९.८ सेकंद असा जागतिक उच्चांक केला. अंतिम शर्यतीत तिला १ मिनिट २२.२ सेकंद लागले. मीना दुसरी आली, इंग्लंडची जेनी फ्लेचर तिसरी. योगायोग असा की, १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हीच शर्यत हंगेरीच्या हायोशने नेमक्या याच वेळात जिंकली होती. अर्थात तो उघड्या, थंड समुद्रात पोहला होता, हेही विसरू नये. रिलेसाठी चार पोहणाऱ्या लागत. आम्ही दोघी प्रत्येकी दोनदा पोहतो, अशी तयारी फॅनी व मीना यांनी दाखविली. ती अर्थातच मान्य झाली नाही.

१९१२ ते १९१८ या काळात फॅनीने बारा जागतिक उच्चांक प्रस्थापित केले. शंभर मीटरांचा तिचा १९१५ चा १ मिनिट १६.२ सेकंदांचा उच्चांक १९२० पर्यंत टिकला. ज्या वर्षांत तिच्या अंगी सर्वांत अधिक सामर्थ्य होते, ती वर्षे महायुद्धाने गिळली. १९१६ चे बर्लिन ऑलिंपिक भरलेच नाही. अधिकाऱ्यांशी कलहही संपले नव्हते. १९१८ च्या अमेरिकेच्या दौऱ्यास संघटनेची संमती नसल्याने दोघींवर बंदी आली. पुढील वर्षी त्या पुन्हा तेथे गेल्या. आपल्या व्यवस्थापकाचा खर्च मिळेपर्यंत पाण्यात उतरणार नाही, असे त्यांनी बजावताच त्यांचा हौशी खेळाडूचा दर्जा काढून घेण्याची धमकी मिळाली. १९२० साली अँटवर्पला जाणारा संघ निघण्यास आठवडाच उरला असताना फॅनीवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, मागोमाग विषमज्वर व न्यूमोनिया. संघ तिच्याविना गेला.

१९२१ च्या जानेवारीत तिने स्पर्धांतून निवृत्ती घेतली आणि घोड्यांच्या एका प्रशिक्षकाशी विवाह केला. त्यानंतर ती लहान मुलांना पोहणे शिकवीत असे. १९४५ साली राज्याच्या स्त्री-जलतरण संघटनेने तिला आजीव सभासदत्व दिले. २० मार्च १९५६ रोजी सिडनीतच कर्करोगाने तिचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सिडनीच्याच डॉन फ्रेझरने शंभर मीटरांची शर्यत १ मिनिट २ सेकंदांत जिंकली. फॅनीनंतर ही शर्यत जिंकणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन स्त्री.