सांडपाण्याच्या गाळाचं खत आणि धातू पकडणारा दगड

शहराचं सांडपाणी शुद्ध केल्यावर खाली गाळ उरतो. त्यात नत्र, स्फुरद भरपूर. घरातला ओला कचरा मिसळून कुजवला, तर त्याचं चांगलं खत होतं. अडचण आहे ती शिसं, कॅडमियम, निकेल यांची. ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापला की रोगजंतू मरतात, धातू मात्र कुठेच जात नाहीत. उलट सेंद्रिय भाग वायू होऊन उडतो, ढीग बसतो आणि उरलेल्या खतात धातूंचं प्रमाण वाढतं! भारतात शहरी कंपोस्टच्या एका किलोत कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं.

ग्रीसमधल्या संशोधकांनी अथेन्सजवळच्या प्सिटालिया बेटावरच्या केंद्रातल्या गाळात क्लिनोप्टिलोलाइट हे झिओलाइट गटातलं खनिज मिसळून पाहिलं. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये सोडियम, कॅल्शियमचे आयन सैलसर बसलेले असतात. शिशाचे किंवा कॅडमियमचे आयन आले की ते जागा सोडतात. अमोनियाही तिथे अडकतो, त्यामुळे नत्र टिकतं आणि वास कमी येतो.

अर्थात धातू नाहीसे होत नाहीत. खडे जाडसर असतील तर चाळून धातूंसकट वेगळे काढता येतात. भुकटी खतातच राहते, तिथे धातू फक्त बांधलेले. शिवाय दगड मिसळल्यानेच तपासणीतला आकडा थोडा उतरतो, हेही विसरू नये.

याच खनिजाचा सख्खा भाऊ ह्युलँडाइट पुणे, नाशिक, जळगावच्या बेसॉल्टमध्ये सापडतो. तो मात्र शोभेचा स्फटिक म्हणून विकला जातो.