रबराच्या झाडाचं लाकूड: टाकाऊ कोणी ठरवलं?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला फर्निचरशी काय देणं-घेणं? थोडं आहे. ॲरिस्टॉटल ज्याला द्रव्य म्हणतो, म्हणजे आकार मिळण्याआधीचं मूळ साहित्य, त्यासाठी त्यानं 'ह्युले' हा शब्द वापरला. ग्रीक माणसाच्या रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ होता लाकूड. म्हणजे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातली एक मोठी कल्पना सुताराच्या पडवीतून आलेली आहे. आज आपण तिला तिथेच परत नेऊ आणि एक साधा प्रश्न विचारू: एखादी वस्तू टाकाऊ आहे, हे ठरवतं कोण?

रबराचं झाड, हेव्हिया ब्राझिलिएन्सिस, मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. १८७६ साली हेन्री विकम नावाच्या इंग्रजानं तिथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचवल्या. त्यातल्या सत्तावीसशेच्या आसपास रुजल्या. बरीचशी रोपं श्रीलंकेला गेली आणि १८७७ मध्ये बावीस रोपं सिंगापूरला पोचली. आग्नेय आशियातल्या रबराच्या बागांचा वंश मुख्यतः तिथून सुरू होतो.

पण झाड आलं म्हणून धंदा आला, असं होत नाही. चीक काढायचा तर झाड जगलं पाहिजे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी सालीचा पातळ काप रोज थोडा थोडा सोलत जायची पद्धत बसवली. झाडाला कायमची इजा होत नाही आणि चीक वर्षानुवर्षं मिळतो. मळेवाल्यांच्या मागे लागून ते रबर लावा, रबर लावा म्हणत, म्हणून लोक त्यांना वेडा रिडली म्हणायचे. १८९६ मध्ये मलाक्काच्या तान चाय यान यांनी व्यापारी लागवड केली. पुढे मोटारी आल्या, टायर आले, आणि वेडा शहाणा ठरला! केरळात पेरियारच्या काठी थट्टेकाड इथे १९०२ साली लागवड सुरू झाली.

आता इथे लक्ष द्या. या सगळ्या कथेत लाकूड कुठे आहे? कुठेच नाही. झाड लावलं की साधारण सातव्या वर्षी चीक काढायला सुरुवात होते. पुढे पंचवीस-तीस वर्षं उत्पन्न. मग चीक आटतो, झाड तोडतात, नवं लावतात. आणि तोडलेलं झाड? सरपण. रबराचे तक्ते धुरावर सुकवायला तेच जाळायचे. विटांच्या भट्टीत जायचं, कोळसा व्हायचा. केरळात खोकी आणि काड्यापेट्या झाल्या. जवळपास शतकभर त्या झाडाची किंमत फक्त चिकावर मोजली गेली.

यात निव्वळ दुर्लक्ष होतं असंही म्हणू नका. सुतार काही मूर्ख नव्हता. सागाला पक्का गाभा असतो. त्यात जी नैसर्गिक द्रव्यं असतात, ती किडीला आणि बुरशीला दूर ठेवतात. रबराच्या झाडात तसा गाभा जवळजवळ बनतच नाही. उलट लाकडात पिष्ट आणि साखर भरपूर. म्हणजे किडीला जेवणाचं ताटच वाढून ठेवलेलं. झाड पाडल्यावर थोड्याच दिवसांत निळसर बुरशी चढते, मग भुंगेरे पोखरतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. शिवाय सुकताना फळी पिळते, वाकते. असं लाकूड सुतारानं नाकारलं, ते अनुभवानंच.

मग बदललं काय? झाड तेच राहिलं, आपलं ज्ञान बदललं. मलेशियात केपाँगच्या वनसंशोधन संस्थेत आणि आपल्याकडे केरळात पीचीच्या संस्थेत या लाकडावर काम झालं. उपाय ऐकायला सोपा आहे. झाड पाडल्यावर वेळ न घालवता फळ्या कापायच्या. त्या बंद टाकीत ठेवून आधी हवा ओढून घ्यायची, मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दाबानं आत मुरवायचं. नंतर भट्टीत, ताब्यातल्या उष्णतेवर, हळूहळू सुकवायचं. खोड आखूड असतं, लांब फळी निघत नाही. म्हणून तुकड्यांच्या टोकांना दाते पाडून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे ते सरसानं जोडायचे. या जोडाच्या फळ्या तुम्ही दुकानात पाहिल्या असतील. रंग फिकट, मलईसारखा, पॉलिश छान घेतो, रंध्याखाली नीट चालतो.

१९८० नंतर मलेशियानं यावर मोठा निर्यात उद्योग उभा केला. जोहोर राज्यातलं मुआर हे गाव फर्निचरसाठी जगाला माहीत झालं. बाजारात या लाकडाला 'मलेशियन ओक' असंही म्हणू लागले. ओकशी त्याचं काही नातं नाही. नाव मोठं, लक्षण खोटं असं मी म्हणणार नाही, कारण लाकूड चांगलंच आहे. पण चांगल्या वस्तूला उसनं नाव घ्यावं लागतं, यात जुन्या तुच्छतेची खूण उरलेली दिसते.

आणि मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बोरॉन पाण्यात विरघळतं. ही वस्तू गच्चीवर, पावसात ठेवली की संरक्षण धुऊन जातं. घरातलं टेबल, खुर्ची, पाळणा, पोळपाट यांसाठी उत्तम. कोकणातल्या ओसरीच्या खांबासाठी नाही. पोळपाटासाठी घ्याल तर स्वयंपाकाच्या वापरासाठीच तयार केलेला आहे ना, एवढं विचारून घ्या. 'जंगल न तोडणारं लाकूड' हा दावाही तपासून घ्या. झाड चीक आटल्यावर तोडायचंच होतं, हे खरं. पण आग्नेय आशियात रबराच्या कित्येक बागा नैसर्गिक जंगल साफ करून उभ्या राहिल्या, हेही खरंच.

तरीही मला हा विषय महत्त्वाचा का वाटतो? शेतकऱ्यासाठी. जुनी बाग तोडली की नवी हाती यायला सात वर्षं. त्या काळात घर कशावर चालणार? २०११ मध्ये रबराचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या वर गेला होता, आणि २०१६ च्या सुरुवातीला तो शंभराच्या आसपास आला. अशा वेळी तोडलेल्या झाडाला सरपणाचा दर मिळतो की फर्निचरचा, यावर नवी लागवड होणार की नाही हे ठरतं. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडेही रबराच्या बागा आहेत. त्यांची झाडंही म्हातारी होतील. थोड्या दिवसांत प्रक्रिया झाली नाही तर हे लाकूड वाया जातं, म्हणून टाकी आणि भट्टी बागेपासून किती लांब, हा प्रश्न आधीच विचारायला हवा. झाड पाडल्यावर विचारून उपयोग नाही.

ॲरिस्टॉटलच्या भाषेत, द्रव्यात शक्यता असते. ती प्रत्यक्षात यायला कर्ता लागतो. रबराच्या लाकडात खुर्ची पहिल्यापासून शक्य होती. ती दिसायला आपल्याला शंभर वर्षं लागली. म्हणून 'टाकाऊ' हा शब्द उच्चारताना एवढंच आठवा, की तो वस्तूइतकाच आपल्या आजच्या माहितीबद्दलही काही सांगत असतो.

आता प्रश्न घेऊ.