अठराव्या वर्षानंतर काय? एका मोजमापाचा इतिहास

१/ अठरावा वाढदिवस म्हणजे घराचा निरोप. अमेरिकेत शासनाच्या देखरेखीखाली परक्या कुटुंबात किंवा संस्थेत वाढणाऱ्या, म्हणजेच 'फॉस्टर केअर'मधील मुलांच्या वाट्याला दीर्घकाळ बहुधा हेच येई. त्यांना दिलेल्या मदतीचा खरोखर उपयोग झाला का? #थ्रेड

२/ १९८६ च्या कायद्यानुसार या मुलांना स्वावलंबनाचे धडे देण्यासाठी केंद्रीय निधी मिळू लागला. पैशांचा हिशेब, नोकरीचा अर्ज, भाड्याच्या घराचा शोध असे ते धडे होते. परंतु पुढे त्या मुलांचे काय झाले, याची पद्धतशीर नोंद नव्हती.

३/ नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने या सेवांची परिणामकारकता 'अज्ञात' असल्याचे अहवालाच्या शीर्षकातच नोंदवले. पुढच्याच महिन्यात सेनेटर जॉन चाफी यांच्या नावाच्या योजनेचा कायदा झाला. वार्षिक निधी ७ कोटी डॉलरवरून १४ कोटींवर गेला. सोबत मूल्यमापनाची अटही आली.

४/ त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी झाली. कारण स्वेच्छेने वर्गाला येणारे मूल मुळातच अधिक उत्साही असू शकते. मग यशाचे श्रेय वर्गाचे की त्या मुलाचे?

५/ लॉस एंजेलिसमधील वर्गांचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. वर्गासाठी निवडलेली आणि न निवडलेली मुले यांच्यात दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात, दुसऱ्या गटातील काहींनाही अन्यत्र तशीच मदत मिळाली होती.

६/ मॅसॅच्युसेट्समध्ये चित्र वेगळे होते. तेथे प्रत्येक मुलामागे एक कार्यकर्ता होता. त्या गटातील अधिक मुले महाविद्यालयात गेली. पण अठरानंतरही शासनाच्या आधाराखाली राहणारी मुलेही त्याच गटात अधिक होती. फरकाचे मूळ बव्हंशी या लांबलेल्या आधारात असावे, असे संशोधकांना दिसले.

७/ ऑक्टोबर २०१० पासून सर्व राज्यांत १७, १९ आणि २१ व्या वर्षी मुलांना शिक्षण, रोजगार, बेघरपणा यांविषयी विचारले जाऊ लागले. आधार सुटलेल्यांपैकी किमान ६० टक्क्यांपर्यंत पोहोचण्याचे बंधन राज्यांवर होते.

८/ उरलेल्यांचे काय? ज्याला घरच नाही, त्याला प्रश्नावली कोणत्या पत्त्यावर पाठवणार? सर्वाधिक हलाखीतला तरुणच आकडेवारीतून निसटण्याची भीती असते. म्हणून असा तक्ता वाचताना उत्तरांइतकेच लक्ष निरुत्तर राहिलेल्यांकडेही द्यावे.