दोन जातींच्या धातूंचा सांधा

श्रोतेहो, तांब्याच्या पातेल्याला कल्हई करताना तुम्ही पाहिलेच असेल. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे. आता गंमत पाहा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. म्हणजे पाणी होते ते एकट्या कथलाचे. तांबे जागचे हलत नाही. तरी दोघे एकमेकांना घट्ट धरतात.

तुम्ही म्हणाल, दोन्ही धातू वितळवून एकजीव का करू नयेत? लोखंडाला लोखंड तसे जोडता येते. पण पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवले, की मध्ये दोघांचे मिळून एक नवेच संयुग तयार होते, आणि ते फार ठिसूळ असते. सांधा दिसायला धड, पण हादरा बसला की नेमका तिथेच तडकायचा! तांबे-ॲल्युमिनियमचीही तीच तऱ्हा. हे संयुग वाढायला उष्णता लागते आणि वेळ लागतो. गॅसची ज्योत तर आजूबाजूचा सारा पत्राच तापवते.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. तो क्षणभर चमके आणि थांबे. कारखान्याला हवा होता सलग चालणारा, जोरकस किरण. तो १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूतून मिळाला. काढणारे कोण? कुमार पटेल, १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मलेले, १९५८ साली पुण्यात इंजिनियर झालेले. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर सांगावे. १९६७ साली इंग्लंडात असल्याच किरणाने पोलादाचा पत्रा कापून दाखवला.

भिंगाने उन्हाचा ठिपका कागदावर धरला की कागद तेवढ्यापुरता जळतो ना? लेसरचेही तसेच. ठिपका मिलिमीटरहून लहान, आणि तो भरभर पुढे सरकतो. मागचा धातू लगेच थिजतो. ठिपका ॲल्युमिनियमच्या बाजूला धरला, तर पोलाद घनच राहते. इथे ॲल्युमिनियमने कथलाचे काम केले म्हणा! ठिसूळ थर साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत ठेवला, तर सांधा टिकतो.

अडचण एकच राहिली. तांबे आणि ॲल्युमिनियम हा वायूचा किरण आरशासारखा परतवतात. म्हणून पुढे काचतंतूतून निघणारे, आखूड लहरींचे लेसर आले. तांब्यासाठी हिरवे आणि निळेही. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पट्टी आज अशी जोडतात. खाचखळग्यांच्या रस्त्यावर त्यातला एखादा सांधा उलला, की विजेची वाट अरुंद होते आणि तो सांधा तापू लागतो.